मूळव्याधी वगैरे

"हिंदुस्थानात एकूण झाडं किती असतील?" अप्पांनी चहाची बशी खाली ठेवत विचारलं.

माई तांदूळ निवडत होती. "मोजली नाहीत," ती म्हणाली.

"अब्जावधी! आणि त्या सगळ्यांना मिळून सर्जन किती?"

"किती?"

"एकही नाही!" अप्पांनी मांडीवर अशी थाप मारली, की बशी स्वतःहून उडाली. "माणसाला नुसती शिंक आली तरी डॉक्टर. म्हशीला डॉक्टर. आणि झाडाला? बिचारं उभ्या उभ्या कुजतं, तक्रारसुद्धा करत नाही! कुमुद, या देशातला पहिला वृक्षशल्यविशारद तुझ्यासमोर बसलाय!"

माईने त्यांच्याकडे पाहिलं, मग तांदळातल्या खड्याकडे पाहिलं, आणि त्यातल्या त्यात खडा उचलून बाजूला ठेवला.

श्यामकांत कर्णिक, म्हणजे घरचे, शेजारचे आणि पुढे अख्ख्या बदलापूरचे अप्पा, कल्याणच्या रेशनिंग ऑफिसात कारकून होते. चोपन्न साली सरकारने धान्यावरचं नियंत्रण उठवलं. लोक हवं तेवढं धान्य घ्यायला मोकळे झाले, आणि अप्पाही मोकळे झाले. घरी बसल्या बसल्या रद्दीत त्यांना एक विलायती मासिक सापडलं. त्यात एक साहेब उंच झाडावर, कमरेला पट्टा बांधून, हातात करवत घेऊन हसत होता. खाली लिहिलं होतं, 'ट्री सर्जन'. अप्पांनी ते पान कापून खिशात ठेवलं, आणि त्या दिवसापासून ते रस्त्याने चालताना समोर बघेनासे झाले. वर बघूनच चालायचे. दोनदा गटारात गेले.

हे खूळ अगदी नवं होतं असंही नाही. ऑफिसात त्यांच्या टेबलाशेजारच्या खिडकीबाहेर एक करंज होता. विजेच्या तारेला अडतो म्हणून एके दिवशी तो कुणीतरी मुळापासून तोडला. त्या संध्याकाळी अप्पांनी डबा तसाच भरलेला परत आणला. "एक फांदी काढली असती तर भागलं असतं गं," एवढंच ते बोलले होते. माई ते विसरली नव्हती. म्हणून तर तिने सरळ 'नाही' म्हटलं नाही.

पण दुसरीकडे गोदाम तयार होतं! माईचे थोरले भाऊ, बाळमामा, अंबरनाथच्या एका कारखान्यात हेडक्लार्क होते. त्यांनी शब्द टाकून अप्पांसाठी रंगाच्या गोदामात जागा अडवून ठेवली होती. अप्पा जागा बघून आले होते.

"सकाळी डबे मोजायचे. संध्याकाळी तेच डबे पुन्हा मोजायचे! दिवसभरात डबे पिलं घालतील अशी कंपनीला आशा आहे की काय? आणि खिडकी एकही नाही!"

शेवटी माईने निकाल दिला. "एक तारखेपर्यंत एक झाड आणून दाखवा. एकच. ते मिळालं तर दादाला मी सांगते. नाही मिळालं तर मुकाट्याने गोदामात."

"एक? अगं, रांग लागेल रांग!"

रांग लागली, हे मात्र खरं.

तिचं मूळ पाटीत होतं. अप्पांनी मजकूर लिहून दिला होता तो असा: 'झाडांचे डॉक्टर श्यामकांत कर्णिक. मूळ व्याधी, खोड व्याधी, फांदी व्याधी यांवर शास्त्रीय शस्त्रक्रिया.' पण पाटी म्हणून दिली होती खोक्याची फळी, आणि रंगाऱ्याचं अक्षर होतं टपोरं. 'मूळ व्याधी'पर्यंत येईतो फळी संपत आली. जागा वाचवायला त्याने दोन्ही शब्द जोडले, आणि उरलेली सगळी खोडं नि फांद्या एका शब्दात गुंडाळल्या. पाटी दारावर लागली ती अशी:

'झाडांचे डॉक्टर श्यामकांत कर्णिक. मूळव्याधी वगैरे.'

अप्पांनी ती पाहिली नाही. ते वर बघत चालत होते, आणि पाटी नाकासमोर होती.

शिवाय त्या दिवशी ते घाईत होते. अवजारं घ्यायला उल्हासनगरला निघाले होते. कॅम्पात सिंधी मंडळींनी बराकींतून दुकानं थाटली होती, आणि लढाईनंतर उरलेला लष्करी माल तिथे ढिगांनी मिळायचा. कंदील, तंबू, बूट, पाण्याच्या बाटल्या, नाव सांगता येणार नाही अशी लोखंडं. अप्पा हासोमलच्या दुकानात शिरले आणि खिशातलं पान उलगडून त्याच्यासमोर धरलं.

"ऐसा पट्टा मंगता."

हासोमलने चष्मा कपाळावर चढवला, चित्रातल्या साहेबाला नीट न्याहाळलं. "वडी साईं, ये तो दुबला पट्टा है. इसमें क्या मजा? मैं आपको असली चीज देता हूं." तो बराकीच्या पोटात गडप झाला आणि दोन्ही हातांनी काहीतरी ओढत बाहेर आला.

तो पट्टा नव्हता. पट्ट्यांचं एकत्र कुटुंब होतं! छातीला पट्टा, पोटाला पट्टा, पाठीवर दोन, मागच्या बाजूला एक गोल वळसा, आणि जिकडे तिकडे पितळेच्या कड्या.

"इसको पहन के वो लोग पहाड चढते थे, साईं! बर्मा का पहाड!"

"कौन लोग? जवान?"

हासोमलने चष्मा पुन्हा नाकावर घेतला. तो देवभोळा माणूस होता, खोटं बोलत नसे. "बहोत मजबूत थे, साईं. पीठ पे तोप लेके चढते थे. चना खाते थे, चढते थे. आज तक किसीने शिकायत नहीं की."

"चणे!" अप्पा भारावले. "बघा, म्हणून ती ताकद! और ये पीछेवाला गोल किसके वास्ते?"

"वो..." हासोमलने छताकडे पाहिलं. "उतरते टाइम सामान आगे नहीं सरकता, साईं."

अप्पांना ते अत्यंत शास्त्रीय वाटलं. त्यांनी पट्टा घेतला, चाळीस हात दोर घेतला, करवत घेतली, आणि जखमेवर फासायला डांबराचा एक डबा घेतला. घरी आले ते एखादा किल्ला सर करून आल्यासारखे.

"अहो, पेशंट येऊन गेले," माई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी विचित्र चाललं होतं.

"काय सांगतेस! किती?"

"सात. पण अहो, ती पाटी..."

"सात! कुठली झाडं? आंबे?"

"झाडं नव्हती हो..."

"म्हणजे रोपं! हरकत नाही, बालरोगही आपण बघतो. आधी हे बघ!" आणि अप्पा ओटीवर पट्टा चढवायला लागले. त्याच्यात ते असे गुरफटले, की त्यांना बाहेर काढता काढता दिवेलागण झाली आणि पाटीचा विषय राहून गेला. पट्ट्याची सगळी बक्कलं पाठीवर होती. "हे चढवायला दुसरा माणूस लागतो की," माई म्हणाली. "सैन्यात शिस्त असते, एकमेकांची बक्कलं लावतात," अप्पांनी खुलासा केला.

त्या सात जणांत पहिला आला होता तो बेलवलीचा हरिचंद्र. तो अंबरनाथला बाळमामांच्याच कारखान्याच्या मॅनेजरसाहेबांच्या बंगल्यावर माळीकाम करायचा. दारात उभा राहून त्याने विचारलं होतं, "वयनी, झारपाल्याचे डागतर हितंच रावतान ना? मना बसाला जमत नाय बगा."

"बसा ना, ही काय सतरंजी," माई म्हणाली होती.

"तेच तं सांगतंय वयनी, बसाला जमत नाय!"

माईने मग बाहेर येऊन पाटी वाचली. कपाळावर हात मारला. पण दारात आलेल्या माणसाला तसंच कसं पाठवायचं? तिने आपल्या माहेरचा उपाय सांगितला. पंधरा दिवस सुरणाची भाजी, दोन वेळा ताक, तिखट बंद. पुढच्या सहा जणांनाही तेच सांगितलं. त्या आठवड्यात बदलापूरच्या बाजारात सुरण दिसेनासा झाला.

अप्पांकडे मात्र खरं झाड काही येईना. एक तारीख जवळ आली. बाळमामांचा निरोप आला, 'श्यामरावांना म्हणावं, येताना डबा आणा, गोदामात चहा मिळत नाही.' अप्पांचं वर बघणं बंद झालं. एकदा माईने पाहिलं, ते परसातल्या शेवग्याच्या खोडावरून नुसता हात फिरवत उभे होते. तो शेवगा ठणठणीत होता.

आणि तीस तारखेला सकाळी हरिचंद्र आला! चांगला ताठ चालत आला. हातात चिठ्ठी होती.

'रा. रा. डॉक्टर कर्णिक यांस. माळ्याकडून आपली कीर्ती समजली. आमचा त्रास जुना आहे. तपासणीस आजच यावे. गुप्तता पाळावी. आपला, सबनीस, मॅनेजर.'

"साहेबाचा त्रास!" अप्पा ओरडले. "हरिचंद्र, साहेबांच्या बंगल्यावर झाड आहे?"

"हाय ना. जांभल हाय मोटी. येक फांदी पार कवलांवर आयली हाय."

"तीच!" अप्पांनी सदरा उलटा घातला, काढला, पुन्हा उलटाच घातला.

"अहो, जाण्याआधी माझं एक ऐका," माई म्हणाली. "तो जुना त्रास म्हणजे झाड नसेल हो!"

"मग काय वेल असेल? कुमुद, आज शंका नको!"

हरिचंद्र मध्येच म्हणाला, "साहेब, पन जांभलीवर भरवसा ठेवू नका. तिची फांदी लय कुसकी, कवा मोरल नेम नाय. आनि ह्या येवडा पट्टा कशाला? दोन हात दोरी पायाला बांदली का मी माडाच्या शेंड्यावर."

"ती अडाणी पद्धत," अप्पा प्रेमाने म्हणाले. "ही शास्त्रीय."

अंबरनाथच्या स्टेशनाबाहेर धर्मराजचा टांगा उभा होता. अप्पांनी पट्ट्याचं गाठोडं टांग्यात टाकलं. त्यातून एक वादी लोंबत होती. ती पाहून टांग्याचा घोडा जो खिंकाळला, तो बंगला येईपर्यंत खिंकाळतच राहिला. धर्मराज सारखा मागे वळून बघायचा.

"साहेब, हे गाठोड्यात काय आहे?"

"अवजार. डॉक्टर आहे मी."

"जनावरांचे?"

"झाडांचे!" अप्पा म्हणाले. धर्मराज पुढे वळला, आणि त्याने घोड्याला जरा जोरात पळवलं.

सबनीससाहेब दिवाणखान्यात उभे होते. टेबलाशी उभे, कागदांवर सह्या उभ्यानेच. अप्पांना नवल वाटलं, पण मोठ्या माणसांची शिस्त असेल, असं म्हणून त्यांनी सोडून दिलं.

"दार लावून घ्या, डॉक्टर," साहेब हलक्या आवाजात म्हणाले.

अप्पांनी दार लावलं. खिडकीतून जांभूळ दिसत होतं. फांदी खरंच कौलांवर रेलली होती. बघूनच अप्पांचे हात शिवशिवले.

"किती वर्षं झाली?" त्यांनी वही उघडली.

"दहा-बारा तरी. आधी लहानसं होतं. मी दुर्लक्ष केलं."

"सगळे तीच चूक करतात! कोवळं असतानाच खुडून टाकायला हवं होतं."

"खु... खुडून?" साहेबांनी टेबलाची कड धरली. "आता तर फारच बाहेर आलंय."

"दिसतंय ना."

"दिसतंय?" साहेबांनी घाईघाईने धोतर सारखं केलं.

"रस्त्यावरून दिसतं! टांग्यात बसल्या बसल्या बघितलं मी. टांगेवाल्यानेही बघितलं असेल."

साहेबांना घाम फुटला. अप्पांनी त्यांना धीर द्यायचं ठरवलं. "पावसाळ्यात जास्त वाढतं का?"

"पावसाळ्याचं नाही सांगता येत. वांगी खाल्ली की वाढतं."

अप्पांनी वहीत लिहिलं, 'वांगी. अभ्यास करावा.' मग वही मिटली. "काळजी करू नका. आजच मोकळं करून टाकतो. आधी दोराने आवळून घेतो, मग वरून एक आणि खालून एक, असे करवतीचे दोन घाव..."

"करवत?"

"धार लावून आणलीये! आणि जखमेवर लगेच डांबर."

"डांबर?" साहेबांचा आवाज चिमणीसारखा झाला.

"विलायतेत सगळ्यांना डांबरच लावतात. कढत लावलं तर उत्तम. आणि तुमची काही गरज नाही. तुम्ही खुशाल कचेरीत जाऊन या, तोवर मी उरकतो!"

"मी... जाऊन येऊ? आणि ते इथेच?"

"ते कुठे जातंय?" अप्पा हसले, आणि त्यांनी गाठोडं सोडलं. पट्टे, कड्या, वाद्या सळसळत जमिनीवर पसरल्या. त्यातला मागचा गोल वळसा अप्पांनी उचलून प्रेमाने दाखवला. "हा मागून येतो. घट्ट धरून ठेवतो. बर्मात वापरलेला आहे!"

सबनीससाहेबांनी वळशाकडे पाहिलं, करवतीकडे पाहिलं, आणि मागच्या दाराने धूम ठोकली! ज्यांना बारा वर्षांत कुणी भरभर चालतानासुद्धा पाहिलं नव्हतं, ते साहेब शेवंतीच्या तीन कुंड्यांवरून उडी मारून कारखान्याच्या फाटकाकडे धावले. "बाळ! बाळ! पोलिसांना बोलवा!"

'किती उत्साह,' अप्पांच्या मनात आलं. ते बाहेर आले. हरिचंद्राने पाठीवरची बक्कलं आवळून दिली. आणि अप्पा आयुष्यात पहिल्यांदा झाडावर चढले.

चढले खरे! वर वारा होता, पानांतून ऊन सांडत होतं, खाली कारखान्याची धुराडी, पलीकडे डोंगर. अप्पांनी दोर वरच्या जाड फांदीवरून घेऊन पट्ट्याच्या कडीत अडकवला. कौलांवरच्या फांदीवर पाय दिला. करवत उचलली. त्या क्षणी ते चित्रातल्या साहेबापेक्षाही जास्त हसत होते.

"साहेब, जांभलीवर भर देव नका!" खालून हरिचंद्र.

"अरे, शास्त्र..."

काड्!

फांदी बुडापासून निखळली. कौलाला नखसुद्धा न लावता गोल फिरली आणि शेवंतीच्या तिन्ही कुंड्यांवर जाऊन पडली. अप्पा पडले नाहीत. ज्या पट्ट्याने तोफा पेलल्या, त्याला अप्पा काय जड? ते हवेत आडवे लटकले. पोट खाली, पाठ वर, दोन हात दोन पाय खाली लोंबणारे.

तेवढ्यात फाटकातून साहेब, बाळमामा आणि दोन पहारेकरी धावत आले. वर बघून सगळे थबकले.

"श्यामराव?" बाळमामांच्या तोंडून कसंबसं निघालं. "साहेब, हे डॉक्टर नाहीत! हे माझे मेहुणे!"

"तुमचे मेहुणे माणसांना डांबर का लावतात?"

"माणसांना नाही हो!" वरून अप्पा ओरडले. "झाडांना! मी झाडांचा डॉक्टर!"

साहेबांनी पडलेल्या फांदीकडे पाहिलं. आपल्या कौलांकडे पाहिलं. 'किती वर्षं झाली', 'रस्त्यावरून दिसतं', 'तुम्ही कचेरीत जाऊन या' हे एकेक वाक्य त्यांच्या चेहऱ्यावर सावकाश उजाडत गेलं.

इकडे अप्पा पाय झाडत होते. बक्कलं पाठीवर, हात पोचेना. तेव्हा टांगा घेऊन फाटकाशी थांबलेला धर्मराज पुढे आला. इतका वेळ त्याने सोसलं होतं.

"साहेब, पाय झाडू नका! हो... हो... शांत!" त्याने जिभेने चक् चक् केलं, आणि काय आश्चर्य, अप्पा खरंच शांत झाले! "अहो, हे खेचराचं खोगीर आहे! पलटणीतलं! जनावराने स्वतःच स्वतःला सोडू नये म्हणून बक्कल पाठीवर असतं. आणि तो मागचा वळसा शेपटीखालचा!"

फाटकाशी टांग्याचा घोडा एकदा जोरात खिंकाळला.

हरिचंद्र पायाला दोन हात दोरी बांधून पाच मिनिटांत वर गेला आणि अडाणी पद्धतीने अप्पांना खाली सोडलं. सबनीससाहेब हसत सुटले ते इतके, की हसता हसता पायरीवर बसले, आणि "आई गं!" करून ताडकन उठले.

"कर्णिक," डोळे पुसत ते म्हणाले, "बारा वर्षांत मी असा पळालो नव्हतो. फांदी तर तुम्ही सफाईने काढलीत. कॉलनीत अशी साठेक झाडं आहेत, काहींना दुरुस्ती हवी, बाकीची तोडा असं वरून पत्र आलंय. बघाल?"

"तोडायची नाहीत," अप्पा म्हणाले. त्यांच्या पाठीवर अजून शेपटीचा वळसा होता, पण आवाज एकदम ठाम होता. "एकही नाही. फांद्यांवर भागवतो मी."

"ठीक. पण एका अटीवर. या हरिचंद्राला ज्यांनी बरं केलं, त्या डॉक्टरांना आधी पाठवा."

"त्या आमच्या वयनी," हरिचंद्र म्हणाला. "सुरन खावाला सांगला."

बाळमामा मटकन फांदीवर बसले. ते मात्र बसू शकत होते.

म्हणतात, बदलापुरात पूर्वी प्रवासी घोडे बदलत असत. त्या संध्याकाळी अप्पांनी खोगीर बदललं. धर्मराजने ते आपल्या घोड्याला नेलं, आणि बदल्यात दोन हात चांगला दोर दिला. अप्पा शेवटपर्यंत त्यावरच चढले. खिडकी नसलेल्या गोदामात डबे मोजायला दुसरंच कुणी गेलं.

पाटी बदलायची मात्र राहिली. म्हणजे, अप्पा रंग घेऊन आलेही होते. माईने ओटीवरच्या रांगेकडे बोट दाखवलं आणि म्हणाली, "असू दे. झाडं आपणहून चालत येत नाहीत. ही माणसं येतात, आणि एकेकाच्या परसात चार-चार झाडं असतात." अप्पांना वांगणीपर्यंत काम मिळालं ते असं. आधी सुरण, मग फांदी.

पुढे कितीतरी वर्षांनी अप्पा गेले, त्या दिवशी अंगण भरून माणसं आली. निम्मी झाडांची, निम्मी पाटीची. सतरंज्या अंथरल्या, तशी सगळी मंडळी मांडी घालून खाली बसली, अगदी म्हातारा हरिचंद्रसुद्धा. दारावर पाटी तशीच होती, 'वगैरे'तली एक मात्रा तेवढी पुसली गेली होती. माईने पदराने डोळे टिपले, अंगणभर एकदा नजर फिरवली, आणि अगदी हळू म्हणाली,

"बघा, सगळे नीट बसलेत."